मिस्साची वस्त्रे: या चुका टाळा

रोमन कॅथलिक पद्धतीत मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी, धर्मगुरू आधी आल्ब (पांढरा पायघोळ झगा) घालतात, त्यावर स्टोल (गळ्यातला लांब पट्टा) आणि सगळ्यांत वर चॅझ्युबल (बिनबाह्यांचे सैल वस्त्र). तरीही स्टोल भरजरी असला की तो झाकायला जीव होत नाही आणि वरून घातला जातो. तसे करू नका. धर्मगुरूंचा स्टोल मानेवरून पुढे सरळ सोडायचा. जुन्या फोटोंत तो छातीवर फुलीसारखा दिसतो, कारण तेव्हाची पद्धतच तशी होती. डीकनचा (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) मात्र डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे येतो. आरशात बघून खांदा ठरवू नका, तिथेच फसायला होते.

आल्बच्या गळ्यातून शर्टाची कॉलर डोकावत असेल तर आत अ‍ॅमिस (मानेभोवती घ्यायचे चौकोनी कापड) हवाच. आल्ब अंगाला नीट बसत असेल तर कंबरदोरी नसली तरी चालते. पण तो लांब होऊन पायऱ्या चढताना पायात येत असेल, तर दोरी घट्ट बांधा आणि कापड थोडे वर ओढून तिच्यावर सोडा. शिंप्याकडे जायला नको.

रंगात दगा देतो तो झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ चालू आहे म्हणून जांभळे काढून ठेवतात, पण त्या दिवशी लाल हवे. शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडे) आणि पेन्टेकॉस्टलाही (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) लालच. गुलाबी वर्षातून दोनच रविवारी: नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचा तिसरा आणि उपवासकाळाचा चौथा. ते नसेल तर जांभळे चालते, उगाच खर्चात पडू नका.

खरे नुकसान डाग काढताना होते. मेण सांडल्या सांडल्या पुसू गेलात तर ते धाग्यांत मुरते. घट्ट होऊ द्या, वर बर्फाची पिशवी टेकवा, मग बोथट चमच्याने अलगद खरवडा. उरलेल्या डागाला खाली-वर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, पण ती फक्त सुती आल्बवर. रेशीम, मखमल आणि जरीकाम जाणकाराकडेच द्यावे. द्राक्षारसाचा डाग लगेच थंड पाण्यात. गरम पाण्याने तो पक्का बसू शकतो. मिस्सात पवित्र केलेला द्राक्षारस असेल तर धुतलेले पाणी मोरीत ओतायचे नाही, सॅक्रिस्टीतल्या (चर्चमधली वस्त्रे-भांड्यांची खोली) साक्रारियममध्ये, म्हणजे पाणी थेट जमिनीत सोडणाऱ्या खास कुंडीत, सोडायचे.

जड भरतकामाचे चॅझ्युबल बारीक हँगरवर टांगू नका, खांदे ओघळतात. सपाट ठेवा आणि घडीत मऊ कागदाच्या गुंडाळ्या घाला, म्हणजे जरीकाम मोडणार नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको: आत ओल कोंडते आणि जरीची तार काळी पडते.