दातांच्या दवाखान्याची भीती वाटते? विश्वासाचा एक दंतवैद्य असा जोडावा

दाढ ठणकू लागली की लवंगेचे तेल लावायचे, मेडिकलमधून गोळी आणायची आणि ठणका थांबला की दवाखान्याचा विषय बंद करायचा, ही रीत विदर्भातील खेड्यापाड्यांत घरोघरी आढळते. तालुक्याचे अंतर, खर्च आणि शेतीची कामे ही कारणे खरीच आहेत; पण पुष्कळदा खरे कारण भीती हे असते आणि ते सांगायची लाज वाटते. या भीतीवरचा सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे एकच विश्वासाचा दंतवैद्य ठरवून, दुखत नसताना त्याच्याकडे जाणे.

दुखत नसताना का, हे नीट समजून घ्यावे. कीड वरच्या थरात असते तेव्हा दात भरण्याचे काम थोडक्यात आटोपते आणि बरेचदा भुलीचीही गरज पडत नाही. कीड दाताच्या आतील नसेपर्यंत पोहोचून पू झाला की तेथील ऊती आम्लधर्मी होतात आणि भुलीचे इंजेक्शन पुरेसा परिणाम करत नाही. ज्यांनी असह्य ठणक्याच्या वेळीच दवाखाना पाहिलेला असतो, त्यांच्या मनात दवाखाना आणि वेदना यांची गाठ पक्की बसते, पुढची भेट लांबते आणि दात अधिकच बिघडतो.

डॉक्टर निवडताना. गावातील किंवा नात्यातील ज्यांनी अलीकडे दाढ काढली वा भरून घेतली असेल, त्यांना विचारावे: डॉक्टरांनी आधी समजावून सांगितले का? दुखते म्हटल्यावर हात थांबवला का? डॉक्टर बीडीएस किंवा एमडीएस (दंतवैद्यकाच्या पदव्या) असून महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणीकृत असावेत. जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला दात बसवून देणाऱ्यांकडे जाऊ नये. खर्चाची चिंता असेल तर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सक आहेत का, याची चौकशी करावी. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आणि वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय येथेही उपचार होतात. मात्र अध्यापन रुग्णालयात दर वेळी तेच डॉक्टर भेटतील असे नाही, म्हणून भित्र्या रुग्णाने शक्यतो एकाच डॉक्टरांची वेळ मागावी.

पहिली भेट केवळ ओळखीची ठेवावी. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात गर्दी असते, म्हणून तो दिवस टाळून सकाळची वेळ घ्यावी. दिवसभर वाट पाहण्यात भीती वाढतच जाते. आत गेल्यावर स्पष्ट सांगावे, "डॉक्टरसाहेब, मला फार भीती वाटते. आज फक्त तपासा, काम पुढच्या वेळी करू." सुईची, यंत्राच्या आवाजाची की उलटी होईल याची, नेमकी कशाची भीती वाटते तेही सांगावे, कारण प्रत्येकीवर वेगळा उपाय असतो. सुई टोचण्याआधी हिरडीला बधिर करणारे जेल लावता येते. आवाज सोसत नसेल तर मोबाइलवर भजन ऐकण्याची परवानगी मागावी. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणारे पुष्कळ जण बोलणी बसतील म्हणून दवाखाना टाळतात, पण ही गोष्ट लपवू नये; तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखटाने आग होत असेल किंवा पांढरा चट्टा असेल, तर ती कर्करोगपूर्व अवस्था असू शकते आणि तिची तपासणी दातांपेक्षाही आधी व्हायला हवी. हे ऐकून घेण्याऐवजी जे डॉक्टर रागावतात, त्यांच्याकडे पुन्हा जाण्याचे बंधन कोणावरही नाही.

उपचाराच्या दिवशी उपाशी जाऊ नये. भीती आणि रिकामे पोट मिळून भोवळ येते. हिंमत यावी म्हणून दारू घेणे धोक्याचे आहे. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे आणि गर्भारपण यांची माहिती द्यावी, पण चालू गोळी स्वतःहून बंद करू नये. डावा हात वर केला की काम थांबवायचे, हे आधीच ठरवून घ्यावे आणि एकदा सहज हात वर करून पाहावा; डॉक्टर खरोखर थांबले की शरीर आपोआप सैलावते. भुलीच्या इंजेक्शनमध्ये बहुधा ॲड्रेनलिन असते, त्यामुळे काही क्षण छाती धडधडू शकते. श्वास नाकाने सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडावा. ओठ काही तास बधिर राहतो, तोवर जेवू नये, नाहीतर ओठ चावला जातो. वरची दाढ काढल्याने नजर कमी होते, ही समजूत निराधार आहे.

गालावर सूज येऊन ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर ओळखीच्या डॉक्टरांची वाट न पाहता त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे.

भेटी चालू ठेवाव्यात. किती महिन्यांनी यायचे ते डॉक्टरांना विचारावे. सहा महिन्यांनी बोलावले, तर खरिपाच्या पेरणीआधी एकदा आणि सोयाबीन घरात आल्यावर एकदा, असे ठरवल्यास भेट विसरली जात नाही. एक्स-रे आणि चिठ्ठ्या घरी एका पिशवीत जपून ठेवाव्यात. सरकारी डॉक्टरांची बदली झाली, तर जाण्यापूर्वी त्यांनाच पुढच्या डॉक्टरांचे नाव विचारावे आणि आपल्या भीतीविषयी दोन ओळी कागदावर लिहून घ्याव्यात.