अनुकंपा नियुक्तीचा जीआर शोधायला बसण्यापूर्वी

वडील शासकीय सेवेत असताना वारले आणि घरातल्या एकाला नोकरी मिळू शकते असं कळलं, की बहुतेक जण गूगलवर ‘वडिलांच्या जागी मुलाला नोकरी’ असं टाकतात. मग समोर येतात भरतीच्या जाहिराती आणि यूट्यूबचे व्हिडिओ. मंत्रालयातला कागद, म्हणजे जीआर (शासन निर्णय), असं बोलत नाही. त्यामुळे शोधायला बसण्याआधी कागदात छापलेले असतील तेच शब्द वहीत उतरवून घ्या: अनुकंपा नियुक्ती, दिवंगत शासकीय कर्मचारी, प्रतीक्षासूची, गट क, गट ड.

प्रत्येक शब्दाची चुकीची रूपंही शेजारी लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्धे शोध इथेच फसतात. ‘तत्त्वावर’ हे शुद्ध असलं तरी असंख्य शासकीय कागदांत ‘तत्वावर’ छापलेलं असतं. ‘ज्येष्ठता’ची ‘जेष्ठता’ होते. व्याकरणाचा आग्रह नंतर धरू. तारखेचंही तसंच: एकदा देवनागरी आकड्यांत, एकदा इंग्रजी आकड्यांत, एकदा महिन्याचं नाव लिहून.

मग विभाग. धोरण सामान्य प्रशासन विभाग ठरवतो. वडील जिल्हा परिषदेत असतील तर ग्रामविकास विभागाचे कागदही पाहावे लागतात. जीआरचा क्रमांक कुठून मिळाला तर सोनंच. सगळ्या जुन्या सूचना एकत्र करणारा २१ सप्टेंबर २०१७ चा जीआर ‘अकंपा-१२१७/प्र.क्र.१०२/आठ’ या क्रमांकाचा आहे. इथे ‘अनुकंपा’ नाही, ‘अकंपा’ आहे. प्र.क्र. म्हणजे प्रकरण क्रमांक आणि शेवटचं ‘आठ’ हे कार्यासन, म्हणजे विभागातली तो विषय हाताळणारी शाखा. हे माहीत असलं की त्याच कार्यासनाचे आधीचे-नंतरचे कागदही हाती लागतात.

आता प्रत्यक्ष शोध. नेमका शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, पण दोन-तीन शब्दांचाच. लांबलचक वाक्य टाकलं तर एका वेलांटीच्या फरकाने सगळं हुकतं. त्यापुढे रोमन अक्षरांत ‘साइट’, लगेच कोलन आणि जागा न सोडता महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता. तसंच ‘फाइलटाइप’, कोलन, पीडीएफ. शासनाच्या संकेतस्थळाबाहेर शोधत असाल तर ‘भरती’ या शब्दाला चिकटून आधी उणे चिन्ह द्या, जाहिराती बऱ्याच कमी होतात. हे सगळं पहिल्याच फटक्यात एकत्र लावू नका. आधी मोकळा शोध, मग एकेक अट.

संकेतांक हाती असेल तर यातलं फारसं काही लागत नाही. जीआरच्या शेवटी, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ या ओळीच्या जरा वर, हा अठरा आकडी क्रमांक असतो. त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी होते आणि शेवटचे दोन आकडे विभागाचे. शासनाच्या संकेतस्थळावर पीडीएफचं नावही बहुधा हेच असतं, म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलचं नाव बदलण्याआधी ते टिपून ठेवा.

जुन्या कागदांची गोष्ट वेगळी. २६ ऑक्टोबर १९९४ चा अनुकंपा जीआर अजूनही संदर्भात येतो, पण त्या काळचे कागद स्कॅन केलेले असतात, काही जुन्या फाँटमध्ये. त्यांच्या मजकुरात शोध लागेलच असं नाही. तिथे उलटी वाट धरायची. नव्या जीआरच्या वरच्या भागात ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून यादी असते, तिच्यातून क्रमांक आणि तारीख घ्यायची आणि त्यावर शोधायचं. जिल्हा परिषदांच्या संकेतस्थळांवर अशा प्रती पुष्कळदा चढवलेल्या असतात.

सापडलेला जीआर लागू आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय तो अर्जाला जोडू नका. त्याचा क्रमांक ‘अधिक्रमित’ (म्हणजे नव्या जीआरने मागे टाकलेला), ‘सुधारित’, ‘शुद्धिपत्रक’ आणि ‘पूरकपत्र’ या शब्दांबरोबर पुन्हा टाका. २०१७ चा मिळाला म्हणून तिथे थांबू नका. त्यानंतरचे कागद तारीख लावून बघा.

इतकं करूनही प्रत मिळाली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. त्यात ‘अनुकंपाबाबतची सर्व माहिती’ असं लिहू नका. विभाग, कार्यासन, क्रमांक आणि तारीख लिहून त्या एका कागदाची प्रत मागा.