बोटीसाठी स्पीकर घेताना आधी तो उलटा करून पाहा

बोटीवरचा बंद पडलेला स्पीकर काढताना मला बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं. पुढची जाळी पांढरीशुभ्र, कोन (थरथरून आवाज काढणारा पडदा) शाबूत, कंपनीचं नाव चकचकीत. स्क्रू काढून तो उलटा केला की खरी अवस्था कळते. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साचलेली असते, वायरची पिन बोट लागताच मोडते, चुंबकाच्या पोलादी तबकडीवरून गंजाचे पापुद्रे सुटतात. वायर सोलली तर आतलं तांबं काळंठिक्कर. वीतभर मागे सोलावं, तरी काळंच.

चौदा वर्षं मी बोटींचं वायरिंग करते आहे, त्यातलं निम्मं काम ऑडिओचं. एवढ्या काळात लाटेचा मार बसून मेलेले स्पीकर मी मोजकेच पाहिले. बाकीचे मागच्या बाजूने गेले. पॅनेलमागची पोकळी दिवसा तापते, रात्री गार पडते, आतल्या दमट हवेचं पाणी होऊन धातूवर बसतं, आणि हवेबरोबर आत आलेलं मीठ ती ओल धरून ठेवतं. पुढून कितीही पाणी अडवलं तरी ही ओल आतच तयार होते. म्हणून खरेदीला जाल तेव्हा वस्तू आधी उलटी करा, आवाज त्यानंतर ऐका.

चुंबकावर रबराचं किंवा प्लास्टिकचं घट्ट टोपण आहे का ते पाहा. चुंबक उघडा असेल तर निदान त्यावर जाड रंगाचा अखंड थर हवा. बास्केट, म्हणजे कोन धरून ठेवणारा सांगाडा, पत्र्याचा नको; प्लास्टिक कंपोझिटचा असला तर उत्तम. टर्मिनल उघडे असतील तर त्यांवर मुलामा हवा, पण मला सर्वांत आवडतात ते वायर आतूनच सीलबंद होऊन बाहेर आलेले स्पीकर, कारण त्यांचा जोड पोकळीबाहेर कोरड्या जागी आणता येतो. ट्वीटरच्या (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरच्या) क्रॉसओव्हरची, म्हणजे उंच सूर आणि खर्ज वेगळे करणाऱ्या सर्किटची, छोटी पाटी मागे दिसत असेल तर ती लाखेसारख्या पारदर्शक थराखाली आहे का, हेही बघा. स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेसचे घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपुढे टिकतं. साध्या ३०४ स्टेनलेसच्या स्क्रूखालून तपकिरी ओघळ उतरायला फार दिवस लागत नाहीत.

पुढच्या बाजूला कोन पॉलिप्रोपिलीनचा आणि त्याची कड रबराची हवी. कागदी कोन ओलीने मऊ पडतो. फोमची कड उन्हाने आणि दमटपणाने चुरा होऊन गळते. गाडीतला स्पीकर बोटीत बसवला की पहिली जाते ती हीच. पांढरं प्लास्टिक पिवळं पडणं हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, ऊन त्याला ठिसूळ करत असल्याची ती खूण असते. डब्यावर नुसतं ‘मरीन’ छापलेलं असलं म्हणून भुलू नका. माहितीपत्रकात दोन चाचण्या शोधा: खाऱ्या धुक्यासाठी एएसटीएम बी११७ आणि अतिनील किरणांसाठी एएसटीएम डी४३२९. दोन्हींचे किती तास दिले आहेत ते वाचा. तासच दिले नसतील तर मी ती वस्तू बाजूला ठेवते.

आता आयपीचे, म्हणजे वस्तू किती पाणी अडवते ते सांगणारे, आकडे. आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार, आयपीएक्स६ म्हणजे जोरदार धार, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. यातला ७ हा आकडा मोठा असला तरी ५ आणि ६ ला आपोआप पोटात घेत नाही: आयपीएक्स७ मिळालेली वस्तू पाण्यात बुडून जगेल, पण डेक धुण्याच्या जोरदार पाइपपुढे टिकेलच असं नाही. दोन्ही हवं असेल तर पत्रकावर दोन्ही आकडे दिसले पाहिजेत. या चाचण्या गोड्या पाण्यात होतात, गंजाबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. आणि बारीक अक्षरांत बहुतेकदा लिहिलेलं असतं की हे रेटिंग नीट बसवलेल्या वस्तूच्या पुढच्या भागापुरतंच आहे. पाठीचा प्रश्न इथेही सुटत नाही. तुमची बोट गोड्या पाण्याच्या तलावात असेल तर मिठाची काळजी कमी, पण ऊन आणि पोकळीतली ओल तिथेही तीच.

आवाजाच्या बाबतीत घर किंवा गाडी आणि बोट यांत मोठा फरक आहे. खोलीत भिंती आवाज परत देतात. बोटीवर तो निघून जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि इंजिन व वारा मिळून चालत्या बोटीवर ८५ डेसिबलच्या आसपास गोंगाट सहज असतो. म्हणून स्पीकरच्या वॅटपेक्षा त्याची सेन्सिटिव्हिटी आधी वाचा. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल, असा तो आकडा असतो. ८८ आणि ९१ हे आकडे शेजारीशेजारी वाटतात, पण तेवढाच आवाज काढायला ८८ वाल्या स्पीकरला दुप्पट वॅट लागतात. बोटीवर प्रत्येक वॅट बॅटरीतून येतो, त्यामुळे ही बचत खरी आहे. मी ९० च्या खालचा स्पीकर उघड्या कॉकपिटसाठी सहसा सुचवत नाही.

वॅट वाचताना आरएमएस, म्हणजे सतत चालणारी ताकद, तेवढाच बघा, ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ सोडून द्या. ‘५० वॅट × ४’ असं स्टिरिओच्या तोंडावर लिहिलेलं असतं, त्याचा हिशेब एकदा स्वतः करून पाहा. स्टिरिओच्या आतल्या अँप्लिफायरला मिळतो तो बॅटरीचाच दाब. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट धरा. त्याचा वर्ग २०७, त्याला स्पीकरच्या ४ ओहम रोधाच्या दुपटीने म्हणजे ८ ने भागलं की २६ वॅट. ही कागदावरची कमाल झाली. प्रत्यक्षात स्वच्छ आवाजाचे १८ ते २२ मिळतात. इंजिन बंद करून नांगर टाकलात की १२.६ व्होल्टवर कमालच २० ला येते. त्यापुढे आवाज वाढवला तर विजेच्या लाटेचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो आणि ट्वीटर जळतो. ट्वीटर जळाले की लोकांना वाटतं स्पीकर कमी वॅटचे होते. बहुतेकदा अपुरा पडलेला असतो तो अँप्लिफायर.

छोट्या बोटीवर, नांगर टाकून गप्पा मारताना हळू गाणी ऐकायची असतील तर स्टिरिओचे हे २० वॅट आणि दोन चांगले स्पीकर पुरतात, वेगळा अँप्लिफायर घेऊ नका. चालत्या बोटीवर ऐकायचं असेल तर मात्र तो लागतोच. घ्यायचा तर क्लास डी या जातीचा घ्या. तो बॅटरीतून घेतलेल्या ताकदीतली ८० टक्क्यांहून जास्त आवाजात उतरवतो, जुन्या क्लास एबीची जवळपास निम्मी उष्णतेत जाते, आणि बोटीच्या कपाटात ती उष्णता जायला वाट नसते. अँप्लिफायर कोरड्या जागी, हवा खेळेल असा, उभ्या पाटावर बसवा. पेट्रोल इंजिनाच्या किंवा टाकीच्या कप्प्यात तो अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते आणि तिला एक ठिणगी पुरते. अशा कप्प्यात ठिणगीरोधक म्हणून प्रमाणित झालेलं उपकरणच चालतं.

वायरवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक याच जागी काटकसर करतात. वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या. भांड्याला कल्हई करतात तसा इथे प्रत्येक बारीक तारेवर कथिलाचा थर असतो. साध्या तांब्यात ओल टोकापासून तारांमधून आत शोषली जाते, आणि सुरुवातीला सांगितलेलं ते वीतभर काळं तांबं तिथूनच येतं. स्वस्त वायर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ती हाताला हलकी लागते, आणि टोक चाकूने खरवडलं की आत चंदेरी रंग दिसतो. कल्हईही चंदेरीच दिसते, पण ती खरवडली की खाली तांबूस रंग येतो. मी दुकानात हे खरवडून बघते आणि विक्रेत्याला वाईट वाटलं तरी बघते.

जाडीचा हिशेब असा. चार चॅनेल, प्रत्येकी ७५ वॅट, म्हणजे ३०० वॅटचा क्लास डी अँप्लिफायर पूर्ण जोरात सुमारे ३० अँपिअर ओढतो. बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर धरायची. परतीची वायर मोजायला विसरणं ही नेहमीची चूक आहे. ६ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर वाटेत सुमारे ०.९ व्होल्ट गळतात, म्हणजे सात टक्के. १६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३५ व्होल्ट, तीन टक्क्यांच्या आत. दुसरी घ्या. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या प्रमाणात ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर हे अंतर दिलं आहे. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे तो वायरीच्या क्षमतेला बघून ठरवा. जोड चांगल्या पकडीने क्रिंप करा, म्हणजे दाबून आवळा, आणि वरून आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा. नळीच्या दोन्ही तोंडांतून गोंदाची बारीक कड बाहेर आलेली दिसली की जोड बंद झाला असं समजा. नुसत्या डागकामावर राहू नका, कंपनाने वायर डाग संपतो तिथेच तुटते.

बॅटरी इंजिन सुरू करणारी वेगळी आणि गाण्याची वेगळी. यात तडजोड करू नका. गाणी ऐकून इंजिन सुरू न होणं ही किनाऱ्यापासून दूर धोक्याची गोष्ट आहे. ३०० वॅटचा अँप्लिफायर मध्यम आवाजात सरासरी ६-७ अँपिअर घेतो. १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतले निम्मेच वापरायचे, म्हणजे सात-आठ तास. फ्रिज आणि दिवे त्याच बॅटरीवर असतील तर ते त्यातून वजा करा. बोट बांधून ठेवताना स्टिरिओची स्मृतीची (सेटिंग जपणारी) वायरही तुटेल असा एक मुख्य स्विच लावा.

जागा ठरवताना भोक पाडायची घाई करू नका. साडेसहा इंची स्पीकरला मागे साधारण सात-आठ सेंटिमीटर खोली लागते. पॅनेलमागे आरसा आणि टॉर्च घालून सुकाणूची केबल, टाकी, पाइप कुठे आहेत ते बघा. स्पीकरची मागची पोकळी बंद असली तर खर्ज भरून येतो. उघडी असली तर आवाजाची मागची लाट पुढच्या लाटेला खाऊन टाकते आणि आवाज पत्र्यासारखा वाटतो. लोक स्पीकर घोट्यापाशी बसवतात आणि मग पाय गाणी ऐकतात. बसलेल्या माणसाच्या कानाकडे रोख ठेवा. फायबरच्या थरांमध्ये लाकडी गाभा असेल तर भोकाची कड इपॉक्सीने बंद करा, नाहीतर गाभा कुजतो आणि ती दुरुस्ती अख्ख्या साउंड सिस्टिमपेक्षा महागात पडते.

होकायंत्राची चाचणी मी कधीच चुकवत नाही. एका बोटीवर मी सुकाणूच्या दोन्ही बाजूंना स्पीकर बसवले, आवाज सुंदर आला. परतताना जीपीएसची दिशा आणि होकायंत्राची दिशा यांत बारा अंशांचा फरक दिसला. चुंबकांनी सुई ओढली होती. दोन्ही स्पीकर काढले, भोकं बुजवली, ते मीटरभर मागे नेले. तेव्हापासून भोक पाडण्याआधी मी स्पीकर हातात धरून ठरलेल्या जागी नेते आणि दुसरी व्यक्ती सुईवर नजर ठेवते. सुई जरा जरी हलली तर जागा बदलते.

स्टिरिओ घेताना झोनची सोय पाहा, म्हणजे सुकाणूजवळचा आवाज पुढच्या डेकपेक्षा वेगळा ठेवता येतो. समुद्रावरच्या टक्करप्रतिबंधक १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की टेहळणी डोळ्यांनी आणि कानांनीही करायची. दुसऱ्या बोटीचा भोंगा आणि व्हीएचएफ रेडिओवरची हाक सुकाणूवरच्या माणसाला ऐकू आलीच पाहिजे. स्टिरिओला म्यूटची (रेडिओ बोलला की गाणं बंद करणारी) वायर असली आणि तुमच्या रेडिओला ती जोडता येत असली तर जरूर जोडा. प्लॉटरवरून, म्हणजे नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावरून, गाणी चालवायची असतील तर दोघांना एनएमईए २००० ही बोटीवरची उपकरणं जोडणारी सोय आहे एवढ्यावर थांबू नका, तुमच्या प्लॉटरच्या यादीत ते मॉडेल आहे का ते तपासा. फ्यूजन ही ऑडिओ कंपनी २०१४ मध्ये आणि जेएल ऑडिओ २०२३ मध्ये प्लॉटर बनवणाऱ्या गार्मिनकडे गेली, पण म्हणून सगळी जुनी मॉडेल्स सगळ्या प्लॉटरशी बोलतील असं नाही.

सगळं जोडून झालं की व्हीएचएफ सोळाव्या चॅनेलवर लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडा आणि अँप्लिफायर बंद-चालू करा. चालू केल्यावर खरखर बदलली तर क्लास डीचा गोंगाट रेडिओत शिरतो आहे. अँप्लिफायरच्या पॉवर वायरींवर फेराइटची कडी अगदी त्याच्या जवळ बसवा, रेडिओच्या अँटेनाची केबल हातभर लांब सरकवा आणि पुन्हा ऐका. खरखर दोन्ही वेळा सारखी येईपर्यंत पॅनेलचे स्क्रू लावू नका.