अद्ययावतीकरणानंतर बंद न होणारा लिनक्स संगणक: माझा अनुभव

नागपुरात धरमपेठेतील घरी माझा लिनक्स संगणक नव्या कर्नलसह (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा) अद्ययावत झाला आणि त्या रात्रीपासून बंद होईना. पडदा काळा पडे, पंखा मात्र फिरतच राही. मे महिन्याच्या उन्हाळ्यात असा तापलेला संगणक रात्रभर चालू ठेवणे मला पटेना, आणि बटण दाबून वीज तोडली तर फाइलप्रणाली बिघडण्याची भीती होती.

संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब या निवड-कार्यक्रमाच्या यादीतून जुना कर्नल निवडल्यावर संगणक विनातक्रार बंद झाला, म्हणजे दोष यंत्रात नव्हता. मग नव्या कर्नलवरील आधीच्या सत्राची नोंद 'जर्नलसीटीएल' या आज्ञेला '-बी -१' जोडून वाचली. वायफायची सेवा थांबत नव्हती. सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीने नेहमीप्रमाणे ९० सेकंद वाट पाहून तिला सक्तीने संपवण्याचा संकेत पाठवला, तरी ती प्रक्रिया टिकून होती. ड्रायव्हरच्या (उपकरण चालवणाऱ्या कर्नलमधील भागाच्या) आत अडकून, मध्येच तोडता न येणाऱ्या प्रतीक्षेत गेलेल्या प्रक्रियेवर असा संकेतही चालत नाही, हे इथे कळीचे ठरले.

तो वायफाय ड्रायव्हर मी पूर्वी बाहेरून आणून बसवला होता. तो काढून कर्नलमधील मूळ ड्रायव्हर वापरताच संगणक काही सेकंदांत बंद होऊ लागला. जुना कर्नल मात्र मी अजून काढलेला नाही.