बेकायदा बदललेलं पिस्तूल आणि कंपनीची जबाबदारी: मूटची तयारी अशी करा

मी लॉ कॉलेजात मूटची, म्हणजे काल्पनिक खटला लढवायच्या स्पर्धेची, मुलं तयार करते. हा अमेरिकी विषय आला की निम्मी मुलं बंदुका किती वाईट यावर भाषण ठोकतात. ते घरी. इथे प्रश्न एवढाच, की गिऱ्हाइकाने माल नेऊन बेकायदा बदलला तर कंपनीच्या गळ्यात काय पडतं?

आधी घटनाक्रम मांडा. कारखान्यातून निघाला तेव्हा माल कसा होता, बदल कोणी केला आणि कंपनीला ते कधी कळलं?

जुना नियम कंपनीच्या बाजूचा. रॉबिन्सन विरुद्ध रीड-प्रेंटिस (न्यूयॉर्क, १९८०) वाचाच. यंत्राच्या सुरक्षा-दाराला कारखानामालकाने भोक पाडलं, कामगाराचा हात आत अडकला. असा बदल होणार हा अंदाज असला, तरी यंत्र बनवणारा त्याला जबाबदार नाही, असं कोर्ट म्हणालं.

त्यावर २००५चा केंद्रीय कायदा. तो बंदूक कंपन्यांना दाव्यांपासून संरक्षण देतो, अपवाद सहा. रचनेतल्या दोषाचा अपवाद आहे, पण गोळी जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्यात सुटली असेल तर तो गुन्हाच नुकसानीचं एकमेव कारण धरला जातो. म्हणजे तो दरवाजा बंद. उरतो तो विक्री किंवा मार्केटिंगचा कायदा कंपनीने जाणूनबुजून मोडल्याचा अपवाद. वादीकडे असाल तर सगळा जोर इथे लावा.

शिकागोने मार्च २०२४ मध्ये ग्लॉक या पिस्तूल कंपनीवर केलेला दावा नमुना म्हणून घ्या. ‘स्विच’ म्हणजे नाण्याएवढा तुकडा. तो बसला की पिस्तूल मशीनगनसारखं चालतं. हा तुकडा ग्लॉक कंपनी बनवत नाही, आणि परवान्याशिवाय बाळगणं आधीच गुन्हा आहे. शहराचं म्हणणं, कंपनीला वर्षानुवर्षं माहीत असूनही तिने रचना बदलली नाही. ‘माहीत होतं’ आणि ‘कायदा मोडला’ यांत दरी आहे. ती कुठल्या कलमाने बुजवता, हे पहिल्या दोन मिनिटांत सांगा.

सँडी हूक शाळेतल्या गोळीबारातल्या मृतांची कुटुंबं आणि रेमिंग्टन ही बंदूक कंपनी यांच्यातली २०२२ मधली ७.३ कोटी डॉलर्सची तडजोड मात्र घुसडू नका. तिथला वाद जाहिरातीचा होता, बदलाचा नाही.

प्रतिवादी असाल तर मेक्सिकोने अमेरिकी बंदूक कंपन्यांवर केलेल्या दाव्यातला जून २०२५चा निकाल हाताशी ठेवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की गुन्हेगारांपर्यंत माल पोचतो हे ठाऊक असणं म्हणजे त्यांना साथ देणं नव्हे. पण लक्षात ठेवा, तो निकाल साथ देण्याच्या आरोपापुरता आहे. राज्याचा स्वतंत्र कायदा मोडल्याचा मुद्दा वादी काढणारच. त्याचं उत्तर वेगळ्या कागदावर लिहून न्या.