आठवी-नववीच्या मुलांना स्वतःच्या वागण्याची नोंद ठेवायला शिकवताय? या चुका टाळा

‘यापुढे नीट वागेन’ असं वहीत लिहून घेतलं की काम झालं असं समजू नका. ‘नीट’ मोजता येत नाही, मग मूल नोंद कसली ठेवणार? त्याऐवजी ‘हात वर केला आणि नाव घेतल्यावरच बोललो’ असं लिहा. डोळ्यांना दिसेल, हो किंवा नाही एवढ्यात उत्तर देता येईल असं एकच वागणं निवडा. एकदम चार सवयी हाती घेतल्या की नोंदीचं कार्ड लवकरच दप्तराच्या तळाशी जातं.

कार्डाला फुलस्केपचा पाव भाग पुरतो. ३५ मिनिटांच्या तासाला ५ चौकटी, प्रत्येक ७ मिनिटांची. पाळलं तर बरोबरची खूण, नाहीतर शून्य. कार्ड वहीच्या शेवटच्या पानावर आतून चिकटवा. बाकावर लावलं की वर्ग चिडवतो, आणि या वयात मित्रांसमोर पत जाणं शिक्षेपेक्षा जड वाटतं. मग कार्ड ‘हरवतं’. नोंदीची वेळ कळवायलाही घंटी नको. फळ्याच्या कोपऱ्यात खडूचा ठिपका दिला की खूण करायची, एवढं दोघांत ठरलेलं असावं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे शून्य दिसलं की ओरडणं, किंवा तेच कार्ड पालकसभेत आई-वडिलांपुढे ठेवणं. दुसऱ्या दिवसापासून पाचही चौकटींत बरोबरच्या खुणा येतात, आणि त्या खोट्या असतात. वर्गात कार्ड वाचून दाखवून मुलाला लाजवणं तर करूच नका. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७ने मानसिक छळालाही मनाई केली आहे.

शाबासकी आधी खऱ्या नोंदीला द्या. पहिला आठवडा तुम्हीही वेगळ्या कार्डावर त्याच्याच चौकटी भरा आणि तास संपल्यावर दोन मिनिटं दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहा. ५ पैकी ४ जुळल्या तर नोंद चांगली, मग त्याच्या कार्डावर तीन शून्यं का असेनात. जुळलं नाही तर ‘खोटं का लिहिलंस?’ नको, ‘तिसऱ्या चौकटीच्या वेळी काय चाललं होतं रे?’ असं विचारा. पुष्कळदा गोंधळ ठरवण्यातच असतो: शेजाऱ्याकडे पट्टी मागितली तर ते बोलणं धरायचं का, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

उद्दिष्ट अंदाजाने ठरवू नका. आधी तीन-चार दिवस गुपचूप मोजा. ५ पैकी १ जमत असेल तर पुढचं लक्ष्य २, थेट ५ नाही.

नुसतं मोजूनही भागत नाही, शून्यं कुठे पडतात ते मुलासोबत बघा. मधल्या सुट्टीनंतरच्या तासालाच पडतात? मागच्या बाकावरून कोणी डिवचलं की पडतात? मग ‘चिडणार नाही’ हा निश्चय कामाचा नाही, कारण त्यात करायचं काय ते नाही. ‘त्याने डिवचलं की पेन खाली ठेवीन, दहा आकडे मोजीन, मग पुढचं वाक्य लिहीन’ असं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि वर्ग रिकामा असताना दोन-तीनदा करून घ्या.

दोन आठवडे बरे गेले म्हणून कार्ड एकदम बंद केलं तर जुनं वागणं परत येतं. ५ चौकटींच्या २ करा, मग तासाअखेर एकच खूण, मग फक्त शुक्रवारी. कुठे घसरलंच तर एक पायरी मागे या. पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते.