रनिंग मॅन बघायचा कसा

१९८७ चा रनिंग मॅन हा पिक्चर बघणार असाल तर आधी एक करा, फक्त मारामारीसाठी बसू नका. अरनॉल्ड आहे, मारामारी भरपूर आहे, पण खरा जीव त्यातल्या टीव्ही शोमध्ये आहे, ज्यात कैद्यांच्या मागे मारेकरी सोडतात आणि लोक मजेत बघत बसतात.

सुरुवातीची दहा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवा. बेन रिचर्ड्स (म्हणजे अरनॉल्ड) हेलिकॉप्टरमधून निःशस्त्र गर्दीवर गोळ्या झाडायला नकार देतो, आणि पुढे शोमध्ये तेच फुटेज कापून जोडून असं दाखवतात की गोळीबार त्यानेच केला, सुरुवात नीट बघितली असेल तरच हे खोटं पकडता येतं.

मग होस्ट किलियनकडे बघा. ही भूमिका करणारा रिचर्ड डॉसन खऱ्या आयुष्यातही फॅमिली फ्यूड या गेम शोचा होस्ट होता, म्हणून प्रेक्षकांतल्या बायकांशी तो इतक्या सहज गोड बोलतो की अंगावर काटा येतो. स्टुडिओतल्या लोकांचे चेहरे तर पॉज करून बघा. एक म्हातारी आजी पुढचा जीव कोण घेणार यावर पैज लावताना चक्क रिचर्ड्सचंच नाव घेते, मला पूर्ण पिक्चरमधला हा सगळ्यात भारी सीन वाटतो.

पिक्चर ज्यावरून बनला ते पुस्तक नंतर वाचा. स्टीफन किंगने ते १९८२ मध्ये रिचर्ड बाखमन या नावाने काढलं, आणि त्यातला बेन आजारी मुलीच्या औषधासाठी स्वतःहून खेळात उतरतो, त्यामुळे गोष्ट जास्त टोचते. २०२५ चा एडगर राइटचा पिक्चर पुस्तकाच्या जवळचा आहे, तो शेवटी ठेवा.